पुलाच्या ४० पायऱ्या, गेटातला आडवा पाइप आणि रोजची पॅसेंजर

पासधारक_सांगली
नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, काल जे झालं त्यानंतर बसलेच लिहायला. मी अकरा वर्षं नोकरीसाठी कोल्हापूरला रोज ये-जा करते. लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायात कॅलिपर आणि एका हातात कुबडी. कुठल्या स्टेशनवर चढते ते मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव आलं की धागा 'तुमचं स्टेशन वाईट का आमचं' याच्यावरच जातो. सांगली, विश्रामबाग, मिरज या पट्ट्यातलं आहे एवढं पुरे.

काल सकाळची पॅसेंजर. मी नेहमीसारखी वीस मिनिटं आधी जाऊन एक नंबर प्लॅटफॉर्मवर बसलेली. गाडी यायला पाच-सहा मिनिटं राहिली आणि अनाउन्समेंट झाली की गाडी तीनवर येतेय. सगळे पळाले, मी पण निघाले. पुलाला ४० पायऱ्या आहेत, वीस चढल्या की एक सपाट जागा आणि मग परत वीस, मोजून पाठ झाल्यात माझ्या. उजवा पाय वर ठेवायचा, मग कुबडी, मग कंबरेतनं डावा पाय ओढून घ्यायचा, तेव्हा एक पायरी होते. वर पोचले तेव्हा गाडी लागलेली दिसत होती. उतरायला तर चढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण गाडीतनं उतरलेली माणसं तोंडावर येतात आणि कठडा त्यांनी धरलेला असतो. खाली दहा-बारा पायऱ्या राहिल्या असतील, गाडी हलली. कठडा धरून डबे जाताना बघत उभी राहिले. एक मुलगी म्हणाली, ताई लिफ्टनं यायचं ना. लिफ्टच्या भोवती पत्रे मारलेत, काम चालू आहे, कधीपासनं चालू आहे ते विचारू नका.

हाफ डे गेला त्याचं एवढं नाही. पण रात्रभर एकच डोक्यात होतं, आपण लिफ्ट द्या, रॅम्प द्या, बाकडं द्या असं सुटं सुटं मागत बसतो. मला घराच्या दारापासून डब्यातल्या सीटपर्यंत सलग वाट पाहिजे. ती मधे एका ठिकाणी जरी तुटली तरी बाकीचं सगळं असून नसल्यासारखं. तुमची, तुमच्या घरातल्यांची वाट कुठं तुटते ते लिहा. सगळं एका जागी आलं तर पुढं काहीतरी करता येईल.

नांद्रेकर
ताई वाचून पोटात गोळा आला. आमच्या आईला अर्धांगाचा झटका येऊन तीन वर्षं झाली, तिला महिन्यातनं दोनदा मिरजेला डॉक्टरकडं न्यावं लागतं. व्हीलचेअर आमची स्वतःची आहे. गाडीला माणसं हात देतात, उचलून चढवतात, त्याची अडचण कधी आली नाही. वाट तुटते ती स्टेशनच्या गेटात. मोटरसायकली आत घुसू नयेत म्हणून लोखंडी पाइप उभे-आडवे रोवलेत, माणूस तिरका होऊन निघतो तेवढीच फट. खुर्ची अडकते. मग आईला मी उचलून घ्यायचं, बायकोनं खुर्ची मिटून पलीकडं न्यायची, परत उघडायची, परत बसवायचं. आईचं वजन ६८ किलो आहे. ती त्या वेळी डोळे मिटून घेते, चार लोकांच्यात लेकानं उचलायचं तिला फार लागतं. एकदा म्हणाली, नको रं जायला, औषधं तीच हायत. तेव्हापासनं दोन वेळा गेलोच नाही.

आणि एवढं करून मोटरसायकली बाजूच्या तुटक्या कंपाउंडातनं आत येतातच.

विश्रामबागी
+१ पाइपाबद्दल. आमच्या घरात जुळी आहेत, बाबागाडी पण जात नाही तिथनं.

कुपवाड_शिफ्ट
माझं जरा वेगळं आहे पण लिहितो. मी धडधाकट आहे, एमआयडीसीत सेकंड शिफ्ट, रात्रीच्या गाडीनं परत येतो. स्टेशनच्या बाहेर पडलं की रिक्षा स्टॉपपर्यंत दीडशे-दोनशे पावलं असतील, त्यात तीन दिवे आहेत त्यातला एक लागतो. गटारीवरचे दोन ढापे नाहीत. गेल्या पावसाळ्यात पाणी साठलं होतं, गटार कुठं आणि रस्ता कुठं कळंना, माझ्या पुढं चाललेल्या एका मावशी सरळ मांडीपर्यंत आत गेल्या. डोक्यावर भाजीची पाटी होती त्यांच्या. आम्ही दोघा-तिघांनी ओढून काढलं, नडगी सोलली होती, त्या बिचाऱ्या पाण्यात वांगी शोधत होत्या. मला तेव्हापासनं वाटतं की ही अडचण फक्त अपंगांची म्हणून मांडली तर लोक वाचून सोडून देतील.

निवृत्त_गार्ड
पासधारक ताई, नमस्कार. मी गार्ड म्हणून निवृत्त झालो, आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. गाडीचा प्लॅटफॉर्म ऐनवेळी का बदलतो ते सांगतो. रेल्वेची बाजू घेत नाही, पण कारण कळल्याशिवाय नेमकं काय मागायचं ते कळत नाही.

सिंगल लाइन होती तेव्हा गाड्यांचं क्रॉसिंग स्टेशनात व्हायचं. आधी येणारी गाडी लूपला, म्हणजे बाजूच्या लायनीवर, घेऊन उभी करायची आणि समोरची मेन लाइनवरनं काढायची, त्यामुळं कुठली गाडी कुठं येणार ते त्या दिवशी कोण किती लेट आहे त्याच्यावर असायचं. आता पुणे-मिरज दुहेरीकरण झाल्यावर अप आणि डाऊन लाइन वेगळी झाली. आपल्याकडं गाडी डाव्या लायनीनं चालते. म्हणजे एका दिशेच्या गाडीला बिल्डिंगकडचा प्लॅटफॉर्म सरळ मिळतो, पण उलट्या दिशेची गाडी तिथं आणायची तर तिला दुसरी लाइन आडवी कापून यावं लागतं, आणि तेवढा वेळ दोन्ही लायनी अडकतात. स्टेशन मास्तर शक्यतो ते टाळतो. त्यात एखादी मालगाडी लूपला उभी असली की अजून पर्याय कमी होतात. मिरज-कोल्हापूर अजून सिंगलच आहे, तिकडं जयसिंगपूर नाहीतर हातकणंगलेला क्रॉसिंग रखडलं की इकडं परिणाम होतो.

पण आता महत्त्वाचं. गाडी कुठल्या लायनीवर घ्यायची हे मास्तरला पाच मिनिटं आधी पहिल्यांदा कळतं असं नाही. मागच्या स्टेशनवरनं गाडी निघायच्या वेळेलाच त्याला अंदाज असतो. त्या वेळी सांगितलं तरी दहा-बारा मिनिटं हातात मिळतात. म्हणून 'एक नंबरवरच घ्या' असं मागू नका, ते जमत नाही म्हणून उत्तर येईल आणि फाइल बंद होईल. 'बदल झाला तर मागचं स्टेशन सोडल्यावर लगेच सांगा, आणि पुलावर दिव्यांग प्रवासी असेल तर तो उतरेपर्यंत गाडी थांबवा' असं मागा. मी स्वतः कितीदा थांबवलीय. गार्डानं हिरवा झेंडा दाखवला नाही तर गाडी हलत नाही, फक्त त्याला दिसलं पाहिजे किंवा कुणीतरी कळवलं पाहिजे.

पासधारक_सांगली
काका, अकरा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी प्रत्येक अर्जात एक नंबर एक नंबर करत होते. मनापासून आभार.

@नांद्रेकर दादा, तुम्ही दोन वेळा गेलाच नाही हे वाचून थांबले. आईंना न्या. पुढच्या वेळी कधी जाणार ते इथं लिहा, आम्ही दोघं-चौघं गेटावर येऊ.

पांढरी_काठी
मी हा धागा मोबाइलवर ऐकतोय आणि बोलून टाइप करतोय, चुका असतील. मला दिसत नाही. प्लॅटफॉर्मवर ज्या पिवळ्या उठावाच्या फरश्या बसवल्यात त्या नुसत्या रंगासाठी नाहीत. उभ्या रेघांची फरशी म्हणजे पुढं चला, गोल टिपक्यांची म्हणजे थांबा, पुढं वळण आहे नाहीतर कडा आहे. बुटाच्या तळव्याला आणि काठीच्या टोकाला ते कळतं. आमच्या इथं (मी पण नाव घेत नाही) रेघांवरनं चालत गेलो की सरळ एका खांबावर जातो. कपाळावर टेंगूळ येऊन झालंय. दुसऱ्या ठिकाणी फरशी चांगली आहे पण तिच्यावर पार्सलची पोती रचलेली असतात. लोकांना वाटतं पिवळी पट्टी म्हणजे सामान ठेवायची जागा आखून दिलीय. कृपा करून त्याच्यावर बॅगा ठेवू नका, बसू नका, आणि कुणी ठेवली असेल तर बाजूला करा, याला सरकारी मंजुरी लागत नाही.

अनाउन्समेंटबद्दल पण. ताईंना बदल कळला तरी, माझ्याकडं त्याच वेळी शेजारच्या लायनीवरनं मालगाडी गेली तर काहीच ऐकू येत नाही. बोर्ड मला वाचता येत नाही. मग मी पळणाऱ्या पायांच्या आवाजावरनं ओळखतो की प्लॅटफॉर्म बदलला.

माहुलीकर
साताऱ्यातनं लिहितोय. आमचं स्टेशन गावात नाहीच, ते क्षेत्र माहुलीला, एसटी स्टँडपासनं सहा-सात किलोमीटर. कृष्णा-वेण्णेचा संगम तिथनं जवळ. सलग वाट म्हणालात ना ताई, आमची ती स्टेशनच्या आधीच तुटते. रात्रीची गाडी उतरलं की रिक्षा सांगेल ते भाडं. दिवसा वडाप (शेअर जीप) मिळतं, पण वडापात एका सीटवर तिघं, कुबडीवाल्याला 'मागनं दुसरी येतीय' म्हणतात. माझ्या वडिलांना दोनदा म्हणाले. गाडीच्या वेळेला जोडून एक एसटी, आणि तिची खालची पायरी वडिलांना चढता येईल अशी, बाकी काही नको.

जुना_सांगलीकर
वय ७४. नवीन मुलांना माहीत नसेल म्हणून लिहितो. सांगलीचं जुनं स्टेशन भर गावात होतं, आजही त्या जागेला आपण स्टेशन चौक म्हणतो. १९०७ साली संस्थानच्या काळात मिरज ते सांगली ही छोटी लाइन झाली, तिचं ते टोक. १९७१ च्या सुमारास पुणे-मिरज मोठ्या लायनीचं (ब्रॉडगेज) झालं आणि स्टेशन गावाबाहेर गेलं. लहानपणी वडिलांचा हात धरून मी छोट्या गाडीतनं उतरलोय, उतरलं की पाच मिनिटांत पेठेत. आजी काठी टेकत एकटी मिरजेला बहिणीकडं जाऊन यायची, पूल नाही, जिना नाही. गाड्या मोठ्या झाल्या, लायनी वाढल्या, विजेवर गेल्या, हे चांगलंच झालं, पण म्हाताऱ्या माणसाला तेव्हा एकट्यानं जमायचं ते आता जमत नाही.

परगावच्या पाहुण्यांना अजून घोळ होतो. रिक्षात बसून 'स्टेशन' म्हणतात आणि स्टेशन चौकात उतरतात. गेल्या महिन्यात एक जोडपं भेटलं, बाई गरोदर, गाडीला अर्धा तास राहिलेला, मी रिक्षा थांबवून बसवून दिलं. चौकात एक बाणाचा बोर्ड आणि खाली अंतर लिहिलं तर काय बिघडतं.

टू_द_पॉइंट
सगळ्यांबद्दल आदर आहे पण एक प्रश्न. रोजचे पासवाले किती आणि व्हीलचेअरवाले किती? आधी गाड्या वाढवा, डबे वाढवा, उभं राहायला जागा नसते. कोट्यवधीची लिफ्ट चार माणसांसाठी?

नांद्रेकर
चार दिसतात कारण बाकीची घरात बसलीत. माझी आई महिनाभर तुमच्या मोजणीत नव्हती.

पासधारक_सांगली
@टू_द_पॉइंट डबे वाढले पाहिजेत याला माझा पण पाठिंबा आहे, मी पण त्याच गर्दीत उभी असते, पास वंदे भारतला चालत नाही त्यामुळं आपण सगळे त्याच दोन-तीन गाड्यांवर आहोत. पण पुलाखाली एक दिवस अर्धा तास उभं राहून बघा. पोतं घेतलेला शेतकरी, गुडघे दुखणारी आजी, पोटुशी बाई, प्लास्टर घातलेला कॉलेजचा मुलगा, दोन बॅगा आणि एक पोर घेतलेली आई. मी परवा मोजत बसले होते, दर तीन माणसांत एक तरी कठडा धरून, थांबून थांबून चढत होतं. कार्डावर अपंग म्हणून नोंद असलेली त्यात मी एकटीच.

टू_द_पॉइंट
मान्य. माझे वडील पण कठडा धरूनच चढतात, मी त्या बाजूनं विचार केला नव्हता.

ओव्हरसियर_मिरज
वर कुणीतरी रॅम्प म्हणालं. मी बांधकामातला आहे, आकडे देतो. व्हीलचेअरच्या रॅम्पचा उतार जास्तीत जास्त १:१२ धरतात, म्हणजे १ मीटर चढायला १२ मीटर लांबी. विजेच्या लायनीमुळं पुलाची खालची बाजू रुळापासून ६ मीटरच्या वर ठेवावी लागते. त्यात पुलाची जाडी मिळवा, प्लॅटफॉर्मची उंची (रुळापासून ७६ ते ८४ सेंटिमीटर) वजा करा, साधारण ६ मीटर चढ येतो. ताईंच्या ४० पायऱ्या, प्रत्येक १५ सेंटिमीटरची, बरोबर तेवढाच हिशोब. ६ मीटरला रॅम्प ७२ मीटर, मधे विसाव्याच्या सपाट जागा धरून ८० च्या आसपास, आणि तेवढाच पलीकडं. म्हणजे तीन डब्यांएवढी चढण खुर्ची ढकलत. कागदावर नियमात बसतं पण नांद्रेकर भाऊंनी आईला घेऊन चढून बघावं, दम लागेल. म्हणून पुलाला लिफ्टच पाहिजे, आणि लिफ्ट चालू ठेवणारा माणूस पाहिजे. रॅम्प मागायचा तो रस्त्यापासून एक नंबर प्लॅटफॉर्मपर्यंत. तिथं दोन-तीन पायऱ्यांएवढाच चढ असतो, पाच-सहा मीटरमध्ये काम होतं, खर्च फार नाही.

गेटातली फट किमान ९० सेंटिमीटर पाहिजे. खुर्ची साधारण ६५ ते ७० ची असते आणि चाक फिरवणाऱ्या हाताच्या कोपराला जागा लागते.

दादर_ते_सांगली
मी मुंबईत असतो, महिन्यातनं गावी येतो. इकडं लोकलला दिव्यांग डबा ठरलेल्या जागी येतो, प्लॅटफॉर्मवर खूण असते आणि त्या जागी बीप वाजत राहतो, म्हणजे न दिसणारा माणूस पण बरोबर दारासमोर उभा राहतो. गर्दीत त्या डब्यात भलतीच माणसं घुसतात हा भाग आहेच. आपल्या पॅसेंजरला हे करायला मोठा खर्च नाही, डबा रोज त्याच जागी आणायचा आणि खाली रंगानं खूण करायची. एक्सप्रेसला दिव्यांग डबा बहुतेक गार्डाच्या डब्याला लागून टोकाला असतो, तिथवर छप्पर नसतं. पावसात आई-वडिलांना घेऊन तिथं उभं राहिलोय.

आणि डब्याची फरशी रुळापासून सव्वा मीटरच्या वर, प्लॅटफॉर्म पाऊण मीटर. मधल्या दोन पायऱ्या अरुंद लोखंडी. तिथं घडीचा रॅम्प लावून द्यायला एक माणूस लागतो, बाकी काही नाही.

कुपवाड_शिफ्ट
रूळ ओलांडून जाणाऱ्यांचं पण लिहा कुणीतरी. पुलाला वैतागून म्हातारी माणसं पण खाली उतरतात. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, बोर्ड लावलाय मोठा. दंड करायला माणूस असतो, पूल चढायला हात द्यायला नसतो.

निवृत्त_गार्ड
रूळ ओलांडू नका कुणीच, कळकळीनं सांगतो. दुहेरी लाइन आणि विजेची इंजिनं आल्यापासनं धोका वाढलाय. डिझेलचा आवाज लांबनं यायचा, ही गाडी अंगावर येईपर्यंत कळत नाही. एक लाइन मोकळी बघून माणूस पाय टाकतो आणि दुसरीवरनं गाडी येते. मी नोकरीत जे उचललंय ते इथं लिहिण्यासारखं नाही. प्लॅटफॉर्मच्या टोकाला सामानाच्या हातगाडीसाठी वाट असते, व्हीलचेअर तिथनं नेता येते, पण रेल्वेचा माणूस सोबत असेल तरच. मास्तरच्या ऑफिसात जाऊन मागा, किंवा आधी रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनला सांगून ठेवा.

पांढरी_काठी
कायद्याचं मी बघतो, संघटनेत काम केलंय. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात २१ प्रकार आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होते. सार्वजनिक इमारती आणि वाहतूक सगळ्यांना वापरता येईल अशी करा असं त्यात स्पष्ट आहे. अडचण अशी की स्टेशनच्या गेटाच्या आतलं रेल्वेचं आणि बाहेरचा रस्ता, दिवे, गटारी दुसऱ्याच्या. मी एका ऑफिसात पाइपाचं विचारलं तर म्हणाले ते आमच्या हद्दीत नाही. दुसरीकडं गेलो, ते म्हणाले त्यांच्या हद्दीत आहे. पाइप मधेच उभा. म्हणून अर्ज एकच करायचा, दोन्हीकडं एकाच दिवशी द्यायचा आणि प्रत्येकावर दुसऱ्याला प्रत दिली असं लिहायचं, आणि पोच घ्यायची शिक्का मारून. महापालिकेला दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवावा लागतो, ढापे आणि रॅम्प त्यातनं मागता येतात.

ज्यांनी रेल्वेचं सवलत कार्ड काढलं नसेल त्यांनी काढून घ्या, चालण्याची अडचण असणाऱ्यांना पासात ५० टक्के सूट आहे.

पासधारक_सांगली
रविवारी आम्ही सहा जण जमलो होतो. ओव्हरसियर दादांनी टेप आणला, कुपवाडच्या दादांनी फोटो काढले, काठीवाले दादा फरशीवरनं चालत गेले आणि खांबाच्या दोन पावलं आधी मी त्यांना थांबवलं. गेटातली फट ५८ सेंटिमीटर भरली. स्टेशनच्या दारापासून रिक्षा स्टॉपपर्यंत २१२ पावलं (माझी नाहीत, कुपवाडच्या दादांची), दोन ढापे नाहीत, तिसरा हलतो. एक नंबरला जायला तीन पायऱ्या, ४५ सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच मीटरचा रॅम्प, आणि तेवढी मोकळी जागा तिथं आहे, सध्या तिथं मोडकी बाकडी टाकलीत.

अर्ज काल दिला, दोन्हीकडं, शिक्क्यानिशी. पहिली मागणी पाइप, दुसरी ढापे आणि दिवे, तिसरी प्लॅटफॉर्म बदलाची सूचना मागचं स्टेशन सोडल्यावर लगेच, चौथी लिफ्टचे पत्रे. गार्ड काकांनी तिसरीची भाषा लिहून दिली.

नांद्रेकर
येत्या गुरुवारी आईला नेतोय, सकाळच्या गाडीनं. पाइप अजून आहे, मी काल बघून आलो.

कुपवाड_शिफ्ट
माझी शिफ्ट दुपारची आहे, मी गेटावर येतो. किती वाजता?

नांद्रेकर
पावणेआठ. आईला सांगितलंय की माणसं येणार आहेत म्हणून. तिनं पातळ काढून ठेवलंय.